दंतवैद्याचा हात

दंतवैद्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाइतका पराधीन प्राणी दुसरा नसेल. वकिलाला आपण उलट प्रश्न विचारूं शकतों, वैद्याला नाडी दाखवितांना तक्रार सांगूं शकतों. येथें मात्र तोंड उघडें, जीभ अडकलेली, आणि जें कांहीं चाललें आहे तें आपल्याच मुखांत चाललें असूनहि आपल्याला दिसत नाहीं. अशा वेळीं आपला सारा भरंवसा एकाच गोष्टीवर असतो, आणि ती म्हणजे त्या गृहस्थाचा हात. तो हात बसलेला आहे असें आपण धरून चालतों. परंतु तो कोठें बसला, कोणाच्या दांतांवर बसला, आणि तो बसण्यापूर्वीं झालेल्या चुकांची किंमत कोणीं दिली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आज मी त्याच प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढें मांडणार आहें.

काम किती नाजूक आहे तें आधीं पाहूं. दांताच्या माथ्यावर दंतवल्काचें, म्हणजे एनॅमलचें, कवच असतें. मानवी शरीरांत याहून कठीण पदार्थ नाहीं; आणि तरीहि दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी सुमारें अडीच मिलिमीटरच भरते. त्याच्या खालीं डेंटिन. तें कवचापेक्षां मऊ. कीड लागलेलें डेंटिन त्याहून मऊ, कांहीं ठिकाणीं तर भिजलेल्या चामड्यासारखें. आणि त्याच्याहि आंत रक्तवाहिन्या व नसा असलेला गाभा. दंतवैद्यानें किडका भाग काढावयाचा, निरोगी भाग राखावयाचा, आणि गाभ्याला न शिवतां परत फिरावयाचें. आणि हें सारें लाळ, पाणी व गाल यांच्या दाटींत, पुष्कळदां आरशांतील उलट्या प्रतिबिंबाकडे पाहून. डोळा येथें अर्धाच उपयोगी पडतो. आपण कोणत्या थरांत आहों हें हातांतील हत्याराच्या थरथरण्यावरून बोटांना कळतें. आणि बोटांना जें कळतें तें शब्दांत सांगतां येत नाहीं. ‘हलक्या हातानें’ असें गुरु म्हणतो. पण हलका म्हणजे किती हलका?

ही अडचण जुनी आहे. पॅरिसचा पिएर फोशार यानें १७२८ मध्यें दंतशस्त्रक्रियेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि न्हाव्यांच्या व जत्रेंतील दांत उपटणारांच्या हातीं असलेल्या या धंद्याला शास्त्राची बैठक दिली. त्यानें हत्यारांच्या आकृत्या छापल्या, रोग्यांच्या हकीकती लिहिल्या. पण आकृति छापतां येते तसा दाब छापतां येत नाहीं. म्हणून ग्रंथ झाला तरी शिक्षण उमेदवारीचेंच राहिलें. गुरूच्या शेजारीं उभें राहावें, बघावें, आणि एके दिवशीं हत्यार हातीं घ्यावें. तें हत्यार ज्याच्या तोंडांत प्रथम गेलें त्याला, आपण पहिले आहों हें ठाऊक असे कीं नाहीं, कोण जाणे.

१८४० मध्यें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें होरेस हेडन व चॅपिन हॅरिस यांनीं जगांतील पहिलें दंतमहाविद्यालय काढलें. महाविद्यालयांबरोबर त्यांचे दवाखाने आले. तेथें येणारा रोगी बहुधा गरीब. त्याला अल्प खर्चांत उपचार मिळत, आणि विद्यार्थ्याला शिकावयास तोंड मिळे. हा सौदा अगदीं अन्यायाचा होता असें मी म्हणणार नाहीं, कारण त्या रोग्यांना दुसरीकडे कांहींच मिळालें नसतें. तथापि कच्च्या हाताचें ओझें कोणावर पडत होतें हें त्यावरून स्पष्ट होतें.

इकडे हत्यारेंहि वेगवान होत गेलीं. जॉर्ज वॉशिंग्टनचा दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यानें १७९० मध्यें आपल्या आईचा पायानें चालणारा चरखा दांत कोरण्याच्या कामीं लावला. १८७१ मध्यें जेम्स मॉरिसन यानें शिवणाच्या यंत्राप्रमाणें पायानें चालविण्याच्या दंतयंत्राचा एकाधिकार मिळविला. त्याची कोरणी मिनिटाला सुमारें २००० फेरे घेई. पुढें वीज आली. आणि १९५७ मध्यें जॉन बॉर्डन याची हवेच्या झोतावर फिरणारी कोरणी आली, तेव्हां हा आंकडा ३,००,००० च्या घरांत गेला. रोग्याचें सुख वाढलें यांत शंका नाहीं, कारण दांत खडखडणें पुष्कळ कमी झालें. पण त्याचबरोबर चूक करण्यास लागणारा वेळहि कमी झाला. पायाच्या यंत्रावर नवशिका विद्यार्थी चुकत आहे हें शेजारीं उभ्या असलेल्या गुरूला दिसे व तो हात धरी. हवेच्या कोरणीवर हात धरण्यास तो पोंचेपर्यंत दंतवल्क जाऊन डेंटिन उघडें पडलेलें असे.

हात बसविण्यासाठीं जिवंत तोंडाऐवजीं दुसरें कांहीं असावें, या विचाराला पहिलें मूर्त स्वरूप ग्लासगोच्या ऑस्वल्ड फर्गसनें १८९४ मध्यें दिलें. त्याचें साधन अगदीं साधें होतें. एका दांडीवर धातूचे दोन जबडे बसवावयाचे, त्यांत दांत रोवावयाचे, आणि जबडा माणसाच्या तोंडाच्या उंचीवर व कोनांत ठेवून काम करावयाचें. याला ‘फँटम’ असें नांव पडलें. फँटम म्हणजे छाया, भूत. पुढें या भुताला डोकें आलें, रबराचे गाल आले, मान वळूं लागली. आणि आज जगांतील बहुतेक दंतमहाविद्यालयांत अशा डोक्यांच्या रांगाच्या रांगा मांडलेल्या असतात.

आपल्याकडे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० मध्यें कलकत्त्यास पहिलें दंतमहाविद्यालय काढलें, आणि १९४८ च्या कायद्यानें दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली. तेव्हां आपल्याकडील विद्यार्थ्यांचाहि हात याच भुतावर बसत आला आहे. ज्यांच्या घरांत मुलगा किंवा मुलगी दंतवैद्यक शिकत आहे त्यांना हें सांगावयास नकोच. पहिल्या वर्षीं मेणाच्या ठोकळ्यांतून दांत कोरण्याचा उद्योग चालतो, आणि घरभर मेणाचे कपचे पडतात. पुढें काढलेले खरे दांत मिळविण्याची धांवपळ सुरू होते. दवाखान्यादवाखान्यांतून दाढा गोळा करून बाटलींत भरून आणणारीं हीं मुलें पाहून आजीबाई नाक मुरडतात. पण त्या बाटलींतील दाढेवर झालेली चूक कोणाला दुखत नाहीं, हा त्या बाटलीचा मोठा गुण आहे.

दोष असा कीं, खरे दांत दोन कधीं सारखे नसतात, त्यांतून रोगसंसर्गाची भीति असते, आणि ते हवे तितके मिळतहि नाहींत. म्हणून प्लॅस्टिकचे दांत आले. ते हुबेहूब दिसतात, पण हाताला ते खोटे लागतात. कठीण कवचांतून मऊ डेंटिनमध्यें उतरतांना कोरणी जी किंचित् ढिली पडते, ती त्यांत नीट अनुभवास येत नाहीं. भुताला रूप मिळालें होतें, पण स्पर्श मिळाला नव्हता.

स्पर्शाचें शास्त्रहि तोंवर स्वतंत्र मार्गानें वाढत होतें. लाइपझिगचा एर्न्स्ट वेबर यानें १८३४ मध्यें स्पर्शावरील आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. कंपासाचीं दोन टोकें कातडीवर टेकवावीं, आणि किती अंतरापर्यंत तीं दोन म्हणून ओळखूं येतात तें पाहावें, असा त्याचा प्रयोग. पाठीवर टोकांत पुष्कळ अंतर असूनहि तीं एकच भासतात. बोटाच्या अग्रावर सुमारें दोन मिलिमीटर पुरतात. आणि सर्वांत तीक्ष्ण ठरलें तें जिभेचें टोक. दाढेंतील बारीकसा खड्डा जिभेला विहिरीएवढा कां वाटतो याचा उलगडा येथें होतो. दंतवैद्याच्या बोटापेक्षां रोग्याची जीभ अधिक चोखंदळ परीक्षक असते, हें त्या धंद्याचें दुर्दैवच म्हणावयाचें! १८९२ मध्यें माक्स डेस्वार यानें या स्पर्शविद्येला ग्रीक धातूवरून ‘हाप्टिक’ हें नांव दिलें, आणि आजचीं स्पर्शयंत्रें तेंच नांव मिरवितात.

परंतु तीं यंत्रें दंतवैद्यांच्या गरजेंतून जन्मलीं नाहींत. तीं जन्मलीं दुसऱ्याच दोन भयांतून, आणि म्हणून आतां कथेचा ओघ थोडा वेळ दांतांपासून दूर न्यावा लागतो.

पहिलें भय आकाशाचें. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. विमान चालविण्याच्या शिक्षणाला पैसा फार लागतो, आणि चूक झाली तर विमानाबरोबर माणूसहि जातो. म्हणून लिंकनें १९२९ मध्यें ऑर्गनचे भाते व वायूच्या नळ्या वापरून जमिनीवरच डोलणारें एक खोटें विमान तयार केलें. प्रथम जत्रेंतील करमणूक म्हणूनच लोक त्याकडे पाहात. १९३४ मध्यें अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहण्याचें काम आलें, आणि खराब हवेंत कित्येक वैमानिक प्राणाला मुकले. तेव्हां लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. अशा यंत्रांत पुढें एक महत्त्वाची सुधारणा झाली. विमानाच्या दांड्याला वाऱ्याचा जो विरोध होतो, तो हुबेहूब वैमानिकाच्या हाताला जाणवून देण्याची कला वाढीस लागली. हॉलंडमधील फोकर या विमानकारखान्याच्या परंपरेंतून निघालेल्या एका संस्थेनें ही कला विशेष कमाविली. या संस्थेचें नांव पुढें पुनः येईल.

दुसरें भय अणूचें. शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेंत किरणोत्सर्गी द्रव्यें हाताळावयाचीं असत. त्यांना हात लावणें म्हणजे मरणाला हात लावणें. रेमंड गोर्ट्झ यानें १९४९ च्या सुमारास जाड भिंतीपलीकडे काम करणारे यांत्रिक हात बनविले. अलीकडे माणूस मूठ हलवी, पलीकडे पोलादी मूठ तशीच हले. दोन्ही हात तारांनीं व पट्ट्यांनीं जोडलेले असल्यामुळें पलीकडल्या वस्तूचा विरोध अलीकडल्या मुठीला आपोआप कळे. पुढें तारांऐवजीं वीज वापरण्याचें ठरलें, तेव्हां हा विरोध हरवला असता; म्हणून १९५४ मध्यें त्यानें असे विद्युत्-हात केले कीं, पलीकडे धक्का लागला तर मोटार अलीकडे हाताला मागें लोटी. दूरच्या वस्तूचा स्पर्श तारेंतून आणतां येतो हें यामुळें सिद्ध झालें.

मग पुढचा प्रश्न सहजच निघाला. पलीकडे वस्तूच नसली, नुसता गणकयंत्रांतला हिशेब असला, तर? आयव्हन सदरलंड यानें १९६५ मध्यें अशा एका खोलीची कल्पना लिहून ठेविली कीं, जींतील पदार्थ गणकयंत्र निर्माण करील आणि ते डोळ्यांप्रमाणें हातालाहि जाणवतील. उत्तर कॅरोलायना विद्यापीठांत फ्रेडरिक ब्रुक्स यानें १९६७ पासून हें प्रत्यक्षांत आणण्याचा खटाटोप आरंभिला. अरगॉनच्या बनावटीचा हात त्यानें गणकयंत्राला जोडला, आणि १९७६ पर्यंत मुलांच्या ठोकळ्यांची एक लहानशी आभासी सृष्टि हाताला लागूं लागली. त्याला खरें तर औषधाचा अणुसमूह प्रथिनाच्या खांचेंत बसतांना कसा खेंचला जातो तें बोटांना कळवावयाचें होतें. परंतु त्या वेळचीं गणकयंत्रें त्या मानानें फारच मंद होतीं. ब्रुक्सनें काय केलें? यंत्र बाजूला ठेवून दिलें, आणि सुमारें दहा वर्षें वाट पाहिली. संशोधकाच्या धीराची अशी उदाहरणें फार थोडीं सांपडतात.

या मंदपणाचें मर्म समजून घेण्यासारखें आहे. चित्रपटांत सेकंदाला २४ चित्रें दाखविलीं कीं डोळा फसतो. हात इतक्या सहजीं फसत नाहीं. आभासी दांताला टेकलेल्या हत्याराचें टोक कोठें आहे तें यंत्रानें मोजावयाचें, तें दांताच्या पृष्ठभागाआड किती घुसलें तें काढावयाचें, आणि तितक्या जोरानें हाताला मागें लोटावयाचें. हें सारें चक्र सेकंदाला सुमारें १००० वेळां फिरावें लागतें. तें रेंगाळलें तर कठीण कवच गादीसारखें लागतें, किंवा हत्यार हातांत थरथर कांपूं लागतें, कारण यंत्राचा धक्का उशिरां येतो आणि तोंवर हात पुढें गेलेला असतो. डोळा नुसता घेतो. हात घेतोहि आणि देतोहि. म्हणून चित्राच्या मानानें स्पर्शाची नक्कल इतकी मागें राहिली.

१९९३ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत थॉमस मॅसी या विद्यार्थ्यानें केनेथ सॉल्झबरी या गुरूच्या हाताखालीं मेजावर मावणारें, हलकें, नाजूक सांध्यांचें एक यंत्र बनविलें. बोट अडकवून किंवा लेखणीसारखी दांडी धरून गणकयंत्रांतील वस्तु त्यानें चांचपतां येऊं लागली. हाच मॅसी पुढें केंटकीतून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत निवडून गेला, ती गोष्ट वेगळी. या यंत्राचें नांव ‘फँटम’! फर्गसच्या भुताशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें व तुकडे जुळवून तें बनविलेलें आहे. पण ९९ वर्षांनीं दुसरें भूत जन्मास आलें, आणि पहिल्याजवळ जें नव्हतें नेमकें तेंच याच्याजवळ होतें.

दंतविद्यालयांनीं ही संधि लवकरच साधली. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत कीड शोधण्याचें यंत्र तयार झालें. दांडी दांताच्या चिरेंत दाबावी, आणि मऊ जागीं टोक रुतून परत ओढतांना किंचित् धरून ठेवतें तो ‘चिकटपणा’ हाताला शिकवावा, असा त्याचा हेतु होता. इतिहासाची थट्टा अशी कीं, ही खूण शिकविण्याचें यंत्र साधूं लागलें त्याच सुमारास ती खूणच धंद्यांतून मागें पडत चालली होती. १९८७ मध्यें डेन्मार्कमधील संशोधकांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं दाखवून दिलें होतें कीं, कच्च्या किडीच्या जागीं तीक्ष्ण सळई रोवल्यानें दंतवल्काचा पृष्ठभाग मोडतो. म्हणजे रोग शोधतां शोधतां वैद्यच रोगाला वाट करून देतो. पिढ्यान्‌पिढ्या गुरूनें शिष्याला दिलेली ही हातखूण सदोष होती. हें सांगण्याचें कारण असें कीं, यंत्र जें शिकवितें तें निमूटपणें शिकवितें. काय शिकवावें याचा विवेक त्याच्याजवळ नसतो.

शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठानें हिरड्यांच्या परीक्षेचें यंत्र केलें. दांत व हिरडी यांमधील फटींत खुणांची सळई उतरवून खोली मोजण्याचें हें काम सुमारें २५ ग्रॅम वजनाएवढ्याच दाबानें करावयाचें असतें. पुस्तकांत हा आंकडा पाठ करतां येतो, पण २५ ग्रॅम म्हणजे काय तें बोटाला यंत्राशिवाय कोणीं सांगावें? लंडनच्या किंग्ज कॉलेजांत २००७ ते २०११ या काळांत दुसरा प्रयत्न झाला. तेथें खेळण्यासाठीं विकल्या जाणाऱ्या स्वस्त स्पर्शयंत्रांत फेरबदल करून तीं शिक्षणाच्या कामीं लावण्यांत आलीं. स्टॉकहोमला अक्कलदाढ काढण्याच्या शस्त्रक्रियेचें यंत्र निघालें.

आतां पुनः हॉलंडकडे वळूं. वैमानिकाच्या दांड्याला विरोध देणारी ती संस्था २००५ मध्यें मूग या अमेरिकन कंपनीच्या हातीं गेली, आणि अॅम्स्टरडॅमच्या दंतविद्यालयाच्या सहकार्यानें तिनें ‘सिमोडाँट’ नांवाचें यंत्र तयार केलें. २०१० च्या सुमारास त्या विद्यालयांत अशा यंत्रांच्या रांगा लागल्या. विद्यार्थी विशेष चष्मा लावून खालीं पाहतो. त्याला दांत खोलीसह दिसतो. एका हातांत कोरणी, दुसऱ्यांत आरसा, पायाखालीं वेगाचा पावडा. कोरणीचा आवाजहि येतो. यंत्राची रीति मॅसीच्या रीतीहून उलट आहे. मॅसीचें यंत्र हाताची जागा मोजून जोर देतें. हें हाताचा जोर मोजून जागा देतें. खऱ्या कवचाचा निबरपणा या दुसऱ्या रीतीनें अधिक चांगला उतरतो. लिंकनें जें वैमानिकासाठीं केलें, तें त्याच परंपरेंतून फिरून दाढेपाशीं येऊन पोंचलें.

मग या यंत्रावर बसलेला हात खऱ्या तोंडांत चालतो काय? अॅम्स्टरडॅममधील प्रयोगांत असें आढळलें कीं, स्पर्शाचा विरोध अजिबात बंद केला तर विद्यार्थ्यांना समाधानकारक काम करणें जवळजवळ अशक्य होतें. मात्र विरोध थोडा कमी-अधिक असला तरी एका मापावर शिकलेला हात दुसऱ्या मापाशीं जुळवून घेतो. म्हणजे अगदीं हुबेहूब नक्कल नसली तरी चालतें, पण स्पर्श मुळींच नसून चालत नाहीं. कोणत्या विद्यार्थ्यानें किती कवच वांचविलें हें यंत्र चोख सांगतें, आणि गुरूच्या मर्जीवर गुण अवलंबून राहात नाहींत, हा लाभहि थोडा नव्हे. तरी माझें मत असें कीं, फर्गसच्या जुन्या डोक्याला यंत्रानें अद्याप निवृत्त केलेलें नाहीं. यंत्राची किंमत मोठी आहे, आणि त्याला मान, गाल व ओंठ नाहींत. प्रकाश कोठून घ्यावा, कोठें बसावें, रोग्याची मान किती वळवावी, या गोष्टी त्या जुन्या भुतापुढेंच शिकाव्या लागतात.

२०२० मध्यें महामारी आली, तेव्हां या यंत्रांची परीक्षा अनपेक्षितपणें झाली. कोरणीबरोबर उडणारे लाळेचे तुषार धोक्याचे ठरले, पुष्कळ देशांत निकडीचे उपचार सोडून दंतवैद्यांचें काम थांबलें, आणि विद्यार्थ्यांना रोगीच मिळेनासे झाले. ज्या विद्यालयांत स्पर्शयंत्रें होतीं, तेथें निदान बोटांचा सराव चालूं ठेवण्याची सोय होती. कारण आभासी दांतांतून तुषार उडत नाहींत.

एका बारकाव्याचा उल्लेख करून मी हें भाषण पुरें करितों. दंतवैद्य कोरणी लेखणीसारखी धरतो, आणि अनामिका शेजारच्या एखाद्या दांतावर टेकवितो. त्या टेंकूवांचून हात स्थिर राहात नाहीं. मेजावरील पहिल्या स्पर्शयंत्रांत हा टेंकूच नव्हता. विद्यार्थ्याचा हात अधांतरीं राही, आणि त्याला जी संवय लागे ती तोंडांत निरुपयोगी ठरे. पुढच्या यंत्रांत हाताला टेंकू देण्यांत आला. तो धातूचा किंवा प्लॅस्टिकचा असतो आणि हलत नाहीं. ज्या दिवशीं विद्यार्थी पहिल्या रोग्यासमोर बसतो, त्या दिवशीं त्याची अनामिका ज्या दांतावर टेकते तो दांत रोग्याच्या प्रत्येक आवंढ्याबरोबर किंचित् वर-खालीं होतो. हें त्याला कोणत्याहि भुतानें सांगितलेलें नसतें. म्हणून शेजारीं, हात मागें बांधून, अजूनहि एक शिक्षक उभा असतो.